एमक्यूटीटीची सुरुवात: पहिल्या संदेशापासून पहिल्या सेन्सरपर्यंत

सेन्सरचे आकडे नेटवर्कवरून पाहायचे ठरले की बहुतेक जण आधी बोर्ड मागवतात, तारा जोडतात, वायफाय चालू करतात आणि मग मोजलेला आकडा नेमका पाठवायचा कुठे, या प्रश्नापाशी अडतात. हा क्रम उलटा असावा, असे माझे मत आहे. संदेशांची देवाणघेवाण आधी एकाच संगणकावर, एकही तार न जोडता चालवून पाहावी; तिच्या खाचाखोचा कळल्या की पुढे बोर्ड बदलला किंवा सेन्सर बदलला तरी पाया तोच राहतो. येथे त्यासाठी एमक्यूटीटी हा संदेशवहनाचा प्रोटोकॉल (नियमसंच) आणि मॉस्किटो हा मुक्त स्रोत ब्रोकर, म्हणजे संदेश पोहोचवणारा मध्यस्थ प्रोग्रॅम, घेतला आहे.

एमक्यूटीटी १९९९ मध्ये आयबीएमचे अँडी स्टॅनफर्ड-क्लार्क आणि अर्कॉम कंपनीचे आर्लेन निपर यांनी तेलवाहिन्यांवर उपग्रहामार्फत देखरेख ठेवण्यासाठी रचला. उपग्रहाची जोडणी महाग आणि अधूनमधून तुटणारी असल्यामुळे मजकुराभोवतीचे वेष्टन अगदी लहान ठेवण्यात आले. आजही संदेशाचा ठरावीक शीर्षभाग अवघ्या २ बाइटपासून सुरू होतो. नावात ‘क्यू’ असला तरी हा रांग लावणारा प्रोटोकॉल नव्हे, तो ‘क्यू’ आयबीएमच्या जुन्या उत्पादनाच्या नावातून आलेला आहे. सध्या ३.१.१ आणि २०१९ ची ५.० अशा दोन आवृत्त्या प्रचारात आहेत. सुरुवातीला ३.१.१ पुरते, आणि पुढचे विवेचन तिलाच धरून आहे.

या व्यवस्थेत पाठवणारा आणि घेणारा एकमेकांना ओळखत नाहीत. दोघेही मध्ये बसलेल्या ब्रोकरशी जोडणी करतात; पाठवणारा एखाद्या टॉपिकवर, म्हणजे संदेशाला दिलेल्या विषयाच्या नावाखाली, संदेश पब्लिश करतो, आणि ज्यांनी तो टॉपिक सबस्क्राईब केला आहे त्या सर्वांकडे ब्रोकर तो पोहोचवतो. तापमान मोजणाऱ्या बोर्डाला आपला आकडा फोनवर दिसतो की डेटाबेसमध्ये साठतो, याची काहीही माहिती नसते. उद्या तिसरा घेणारा आला तरी बोर्डाच्या कोडला हात लावावा लागत नाही, आणि माझ्या दृष्टीने या प्रोटोकॉलचे खरे मोल त्यातच आहे.

दोन खिडक्यांचा प्रयोग

मॉस्किटो विंडोज, मॅक आणि लिनक्स या तिन्हींवर बसवता येतो. डेबियन आणि उबुंटूवर ब्रोकर आणि त्याची क्लायंट साधने ही दोन वेगळी पॅकेजे आहेत, दोन्ही घ्यावीत. नाव टंकताना मात्र लक्ष असू द्यावे: इंग्रजीतल्या डासाच्या स्पेलिंगपेक्षा यात एक ‘टी’ जास्त आहे, आणि ‘अशी आज्ञा सापडत नाही’ हा पहिला संदेश बहुतेकांना त्या एका अक्षरापायीच दिसतो.

आता दोन टर्मिनल उघडावीत. पहिल्यात ‘मॉस्किटो सब’ (mosquitto_sub) ही आज्ञा ‘टी’ या पर्यायापुढे टॉपिक देऊन चालवावी. सोबत ‘व्ही’ हा पर्याय जोडला तर संदेशाबरोबर त्याचा टॉपिकही छापला जातो. दुसऱ्या टर्मिनलमध्ये ‘मॉस्किटो पब’ (mosquitto_pub) ही आज्ञा त्याच टॉपिकसह चालवून ‘एम’ या पर्यायापुढे मजकूर लिहावा. एंटर दाबताच पहिल्या खिडकीत ‘प्रयोगशाळा/खोली२/तापमान २७.४’ अशी ओळ उमटते. ब्रोकरचा पत्ता दिला नाही तर ही साधने त्याच संगणकावरील १८८३ क्रमांकाचे पोर्ट गृहीत धरतात, म्हणून या टप्प्यावर आणखी काही सांगावे लागत नाही.

टॉपिकची नावे आधी ठरवा

टॉपिक ब्रोकरवर आधी तयार करून ठेवावा लागत नाही. संदेश आला की तो अस्तित्वात येतो. ही सोय असली तरी तीच अडचणही आहे, कारण नाव चुकले तर कोणतीही त्रुटी दाखवली जात नाही, संदेश फक्त कोणालाच मिळत नाही. तिरप्या रेघेने पायऱ्या पाडाव्यात आणि व्यापक गोष्टीकडून विशिष्ट गोष्टीकडे यावे: आधी जागा, मग उपकरण, शेवटी मोजमाप. अशी रचना असली की सबस्क्राईब करताना अधिकचे चिन्ह एका पायरीच्या जागी वापरून सर्व खोल्यांचे तापमान एकदम ऐकता येते, आणि शेवटी हॅशचे चिन्ह दिले तर त्या फांदीखालचे सर्व काही मिळते. सुरुवातीला तिरपी रेघ देऊ नये, कारण तिच्यामुळे एक रिकामी पायरी उगाच तयार होते आणि रेघ असलेला व नसलेला टॉपिक वेगळे ठरतात.

टॉपिक यूटीएफ-८ या सर्व लिप्यांना सामावणाऱ्या संकेतात लिहिला जात असल्याने देवनागरी नावेही चालतात, पण प्रत्यक्ष कामात मी ती वापरत नाही. एक तर प्रत्येक देवनागरी चिन्ह ३ बाइट घेते. दुसरे कारण अधिक त्रासदायक आहे: ‘दुसऱ्या’ या शब्दातील अर्धा र दोन वेगवेगळ्या प्रकारे टंकता येतो, पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण ब्रोकर बाइट ताडून पाहतो आणि त्याच्या लेखी ते दोन निराळे टॉपिक असतात.

दुसऱ्या यंत्रावरून जोडताना

मॉस्किटोच्या २.० आवृत्तीपासून, कॉन्फिग फाइलमध्ये काहीही न लिहिता सुरू केलेला ब्रोकर फक्त त्याच संगणकावरून आलेली जोडणी स्वीकारतो. जुने लेख वाचून काम करणाऱ्यांची इथेच फसगत होते. बाहेरून जोडण्यासाठी ‘लिसनर’ या शब्दापुढे पोर्ट क्रमांक लिहिलेली एक ओळ लागते, आणि ती लिहिली की निनावी जोडणी आपोआप नाकारली जाते, म्हणून पासवर्डच्या फाइलचा पूर्ण मार्गही त्याच ठिकाणी द्यावा लागतो. निनावी प्रवेश खुला करणारी ओळ लिहून मोकळे होण्याचा मोह आवरावा.

पासवर्डची फाइल ‘मॉस्किटो पासवर्ड’ (mosquitto_passwd) या साधनाने तयार होते. त्यातील ‘सी’ हा पर्याय नवी फाइल तयार करतो, पण फाइल आधीपासून असेल तर ती पुसून नवी लिहितो. दुसरा वापरकर्ता जोडताना सवयीने तीच आज्ञा पुन्हा चालवली की पहिला वापरकर्ता नाहीसा होतो. लिनक्सवर ब्रोकर स्वतंत्र वापरकर्त्याच्या नावाने चालत असल्यामुळे ही फाइल त्याला वाचता येते ना, हेही पाहावे.

पासवर्ड असला तरी १८८३ पोर्टवरून तो उघडाच प्रवास करतो. घरातल्या किंवा प्रयोगशाळेतल्या नेटवर्कच्या बाहेर जायचे असेल तर टीएलएस, म्हणजे जोडणी सांकेतिक करणारी व्यवस्था, आणि ८८८३ पोर्ट वापरावे, १८८३ इंटरनेटवर कधीही उघडू नये. टीएलएस वापरताना बोर्डाचे घड्याळ आधी जुळवून घ्यावे लागते, नाहीतर चांगले प्रमाणपत्रही मुदतीबाहेरचे ठरून जोडणी नाकारली जाते.

बोर्ड जोडणे

ईएसपी३२ किंवा ईएसपी८२६६ या वायफाय असलेल्या छोट्या बोर्डांवर आर्डुइनोची पबसबक्लायंट ही लायब्ररी सर्रास वापरली जाते. ती हलकी आहे, पण तिच्या मर्यादा माहीत असाव्यात. ती पब्लिश करताना फक्त क्यूओएस (संदेश पोहोचण्याच्या हमीची पातळी) ०, म्हणजे पोचपावतीशिवायची पातळी वापरते. तिच्या पॅकेटची मूळ मर्यादा २५६ बाइट आहे. मजकूर त्याहून मोठा झाला तर पाठवण्याचे फंक्शन ‘असत्य’ एवढेच परत करते, आणि ते उत्तर तपासले नाही तर संदेश कुठे गेला हे कळतच नाही. तिचा कीप अलाइव्ह, म्हणजे ‘मी अजून आहे’ हे ब्रोकरला कळवण्याचा अवधी, १५ सेकंदांचा असतो. ब्रोकर त्याच्या दीडपट, म्हणजे साडेबावीस सेकंद वाट पाहून जोडणी तोडतो. मुख्य लूपमध्ये मिनिटभराचा थांबा घातला असेल तर बोर्ड दर फेरीला तुटणार हे ठरलेलेच. आणखी एक साधी चूक: संगणकावर चाचणी करताना वापरलेला ‘लोकलहोस्ट’ हा पत्ता बोर्डाच्या कोडमध्ये तसाच राहतो आणि बोर्ड स्वतःच्याच आत ब्रोकर शोधत बसतो.

माझी एक संध्याकाळ क्लायंट आयडीने, म्हणजे ब्रोकर बोर्डाला ज्या नावाने ओळखतो त्या नावाने, खाल्ली होती. एका बोर्डावर नीट चाललेला कोड मी दुसऱ्या बोर्डावर जसाच्या तसा चढवला, आणि दोन्ही बोर्ड काही सेकंदांनी आळीपाळीने तुटू लागले. मी राउटर बदलला, चार्जर बदलला, अँटेनाची दिशाही बदलली. कारण ब्रोकरच्या लॉगमध्ये स्पष्ट लिहिलेले होते: एकाच आयडीने नवी जोडणी आली की प्रोटोकॉलच्या नियमानुसार जुनी तोडली जाते. तेव्हापासून आयडीत मी बोर्डाचा मॅक पत्ता (प्रत्येक बोर्डाचा वेगळा हार्डवेअर क्रमांक) घालतो, आणि कुठे अडले की आधी लॉग उघडतो.

क्यूओएस निवडताना फार खल करण्याचे कारण नाही. ० म्हणजे संदेश फार तर एकदा पोहोचेल, १ म्हणजे किमान एकदा नक्की पोहोचेल पण कदाचित दोनदाही येईल, आणि २ म्हणजे नेमका एकदाच, ज्यासाठी चार पॅकेटांची देवाणघेवाण लागते. दर मिनिटाला येणाऱ्या तापमानाला ० पुरे, आज्ञांना १ द्यावा. मात्र आज्ञा ‘आहे त्याच्या उलट कर’ अशी नसावी, ‘पंप चालू’ किंवा ‘पंप बंद’ अशी असावी, म्हणजे तीच आज्ञा दोनदा आली तरी पंपाची स्थिती बिघडत नाही.

रिटेन केलेला संदेश आणि मृत्युपत्र

नव्याने सबस्क्राईब करणाऱ्याला आधी येऊन गेलेले संदेश मिळत नाहीत. पब्लिश करताना ‘रिटेन’ हा ध्वज लावला, म्हणजे ‘मॉस्किटो पब’ला ‘आर’ हा पर्याय दिला, तर ब्रोकर त्या टॉपिकवरचा शेवटचा संदेश जपून ठेवतो आणि नव्या सबस्क्रायबरला लगेच देतो. सोय उत्तम आहे, पण सेन्सर बंद पडला तरी त्याचा शेवटचा आकडा डॅशबोर्डवर ताजा असल्यासारखा दिसत राहतो. असा संदेश काढून टाकायचा असेल तर त्याच टॉपिकवर रिटेनसह रिकामा मजकूर पाठवावा.

उपकरण जिवंत आहे की नाही, हे कळण्यासाठी एमक्यूटीटीत ‘लास्ट विल’ आहे, आणि मृत्युपत्र हे त्याचे नाव अगदी समर्पक आहे. बोर्ड जोडणी करतानाच ब्रोकरकडे एक संदेश सोपवून ठेवतो: माझा संपर्क अचानक तुटला तर ‘प्रयोगशाळा/खोली२/स्थिती’ या टॉपिकवर ‘बंद’ असे रिटेनसह लिही. जोडणी झाली की बोर्ड स्वतः तिथे ‘चालू’ असे रिटेनसह लिहितो. बोर्डाने रीतसर निरोप घेतला तर मृत्युपत्र रद्द होते, त्यामुळे बॅटरीवर चालणाऱ्या आणि मध्येमध्ये झोपणाऱ्या बोर्डांना ही युक्ती लागू पडत नाही. त्यांच्यासाठी शेवटचा आकडा किती वेळापूर्वी आला, हे घेणाऱ्यानेच मोजावे.

सर्व जमले आहे का, हे तपासण्यासाठी ‘मॉस्किटो सब’ ‘व्ही’ या पर्यायासह ‘प्रयोगशाळा/#’ या टॉपिकवर लावून ठेवावे, बोर्डाचे आकडे येऊ द्यावेत आणि मग त्याची वीज सरळ काढून घ्यावी. काही सेकंद, फार तर वीस-बावीस, काहीच होत नाही, आणि मग खिडकीत ‘स्थिती’च्या पुढे ‘बंद’ उमटते.