गाडी ऑइल खाते म्हणून जाड ऑइल? जुन्या इंजिनाच्या बाबतीत या चुका टाळा

गाडी १,५०,००० किलोमीटर ओलांडते, दोन सर्व्हिसिंगच्या मध्येच डिपस्टिकवर ऑइल खाली गेलेलं दिसतं आणि जो भेटेल तो एकच सल्ला देतो: "इंजिन जुनं झालंय, आता जाड ऑइल टाका." मीही तो ऐकला होता. माझ्या पेट्रोल गाडीला ५डब्ल्यू-३० ग्रेडचं, म्हणजे तेवढ्या दाटपणाचं ऑइल लागायचं, मी थेट बरंच दाट २०डब्ल्यू-५० भरलं. पहिले काही दिवस आवाज मऊ झाला आणि बरं केलं असं वाटलं. मग सकाळच्या पहिल्या स्टार्टला टॅपेटची, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागांची, टिकटिक लांबली. आधी दोन सेकंदांत थांबायची, ती सात-आठ सेकंद ऐकू येऊ लागली. महिन्याभरात व्हॉल्व्ह टायमिंगचा कोड येऊन चेक इंजिनचा दिवा लागला. ऑइल मात्र पूर्वीइतकंच कमी होत होतं. शेवटी दोष सापडला तो इंजिनातले वायू जळायला परत आत पाठवणाऱ्या पीसीव्ही व्हॉल्व्हमध्ये. बोटाएवढा तो भाग काजळीने चिकटून बसला होता. तो बदलला, पुन्हा ५डब्ल्यू-३० भरलं आणि ऑइल खाली जाणं जवळजवळ थांबलं.

तेव्हापासून ऑइलच्या डब्याकडे मी सगळ्यात शेवटी वळतो. आधी इंजिनाला काय झालंय ते पाहतो.

कारण न शोधताच ग्रेड बदलणं

सगळ्यात महागात पडणारी चूक ही. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, असा प्रकार होतो.

ऑइल बहुतेक वेळा दोनच वाटांनी जातं. बाहेर गळतं, नाहीतर आत जळतं. गळती शोधायला रात्री इंजिनाखाली मोठा पुठ्ठा सरकवून ठेवा आणि सकाळी डाग कुठे पडलाय ते बघा. ड्रेन नटचा वॉशर, ऑइल फिल्टरची रिंग, व्हॉल्व्ह कव्हरचं गॅस्केट ही नेहमीची ठिकाणं. व्हॉल्व्ह कव्हरमधून झिरपलेलं ऑइल कधीकधी जमिनीवर पडतच नाही. ते गरम एक्झॉस्टवर जळतं आणि गाडी थांबवल्यावर फक्त जळका वास येतो. इंजिन आणि गिअरबॉक्सच्या सांध्यातून ऑइल ठिबकत असेल, तर क्रँकचं मागचं सील गेलं असण्याची शक्यता मोठी. ते काम वेळखाऊ असतं, कारण गिअरबॉक्स उतरवावा लागतो.

ऑइल आत जळत असेल तर धुराची वेळ बघा. रात्रभर उभी असलेली गाडी सुरू करताच निळसर धुराचा एक लोट येऊन थांबतो, किंवा लांब उतारावर पाय उचलून आल्यावर पुन्हा रेस देताच धूर येतो, तेव्हा संशय व्हॉल्व्ह सीलवर. चढावर, जोर लावताना सतत निळा धूर असेल, तर पिस्टनच्या ऑइल रिंगा झिजल्यात किंवा कार्बनने चिकटल्यात. टर्बो असेल तर त्याचे सीलही तपासायला हवेत. धूर अजिबात दिसत नाही म्हणून निश्चिंत होऊ नका. थोडंथोडं जळणारं ऑइल कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असलेल्या गाडीत डोळ्यांना दिसेलच असं नाही.

शंका उरली तर कॉम्प्रेशन टेस्ट करून घ्या, आधी कोरडी आणि मग सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल सोडून. ऑइल सोडल्यावर आकडा चांगला वाढला तर गळती रिंगांमधून आहे. वाढला नाही तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केटकडे बघायचं.

आणि मोजा. प्रत्येक टॉप-अपला किलोमीटर आणि किती मिलिलिटर टाकलं ते वहीत लिहा. "खूप खाते" यावरून काहीच ठरवता येत नाही. "१,००० किलोमीटरला २०० मिलिलिटर" म्हटलं की मेकॅनिकही वेगळ्या नजरेने बघतो. १,००० किलोमीटरला अर्ध्या लिटरपर्यंतचा वापर काही कंपन्यांच्या पुस्तिकांमध्ये चालण्यासारखा धरलेला असतो. त्यामुळे २०० मिलिलिटरवर लगेच इंजिन उतरवायची गरज नसते. पण तोच आकडा तीन महिन्यांत दुप्पट झाला, तर ती खरी खबर.

डब्यावरचे आकडे अर्धेच वाचणं

५डब्ल्यू-३० मधला डब्ल्यू म्हणजे विंटर. पहिला आकडा थंडीतल्या वागणुकीचा आणि दुसरा १०० अंश सेल्सिअसला ऑइल किती दाट राहतं त्याचा. म्हणजे ५डब्ल्यू-४० आणि १५डब्ल्यू-४० ही दोन्ही तापलेल्या इंजिनात साधारण सारखीच दाट. फरक पडतो तो स्टार्टला, जेव्हा पंपाला खालच्या चेंबरमधून ऑइल ओढून कॅमशाफ्टपर्यंत पोचवायचं असतं.

थंड इंजिनात कुठलंही ऑइल गरजेपेक्षा दाटच असतं, हे लक्षात ठेवलं की निम्मा गोंधळ मिटतो. १०० अंशांना १० सेंटिस्टोक (दाटपणा मोजायचं एकक) असलेलं ऑइल ४० अंशांना ६० सेंटिस्टोकच्या आसपास असतं. स्टार्टनंतरचे पहिले काही क्षण इंजिनाची झीज होण्याचे. त्या वेळी ऑइल उशिरा पोचलं, तर गरम झाल्यावर ते कितीही दाट असलं तरी तो उशीर भरून येत नाही. दाट ऑइलने गेजवर प्रेशर वाढलेलं दिसतं, पण प्रेशर म्हणजे प्रवाह नव्हे. चिंचोळ्या वाटेत अडकलेलं ऑइलही प्रेशर दाखवतं. व्हेरिएबल व्हॉल्व्ह टायमिंग, हायड्रॉलिक टॅपेट आणि टायमिंग चेनचा टेन्शनर हे भाग ऑइलच्या जोरावर हलतात. तिथे ठरल्यापेक्षा फार दाट ऑइल म्हणजे दुखण्याला आमंत्रण.

मग दाट ऑइल कधीच नको का? तसं नाही. इंजिनातल्या फटी झिजून वाढल्या असतील, तर थोडं दाट ऑइल खरोखर मदत करतं. प्रश्न "थोडं" म्हणजे किती हा आहे.

इथे एक गोष्ट फार कमी लोक वापरतात. प्रत्येक ग्रेड हा एक पट्टा असतो. ऑइलचे ग्रेड ठरवणाऱ्या एसएई जे३०० या मानकात ३० ग्रेड म्हणजे १०० अंशांना ९.३ ते १२.५ सेंटिस्टोक, आणि ४० ग्रेड म्हणजे १२.५ ते १६.३. एक ५डब्ल्यू-३० ९.६ सेंटिस्टोकचं असू शकतं आणि दुसरं १२.१ चं. डबे सारखेच दिसतात, स्वभाव वेगळे. बऱ्याच कंपन्या आपल्या ऑइलची माहितीपत्रकं देतात, त्यात हा आकडा लिहिलेला असतो. त्यातच एचटीएचएस नावाचा आणखी एक आकडा मिळतो. १५० अंशांना, जोराच्या घर्षणात ऑइलचा थर किती टिकतो ते तो सांगतो. ३० ग्रेडला तो किमान २.९ लागतो, तर ५डब्ल्यू-४० ला ३.५. बेअरिंगच्या दृष्टीने मी याच आकड्याला जास्त मान देतो.

म्हणून क्रम असा ठेवा. आधी त्याच ग्रेडमधलं वरच्या टोकाचं ऑइल घ्या. एक पूर्ण ऑइल बदल होईपर्यंत वहीतले आकडे बघा. फरक नाही पडला आणि गाडीच्या पुस्तिकेत परवानगी असेल, तर पहिला आकडा तसाच ठेवून दुसरा एक पायरी चढवा: ५डब्ल्यू-३० वरून ५डब्ल्यू-४०. पुस्तिकेत बहुतेक वेळा हवेच्या तापमानानुसार दोन-तीन ग्रेडचा तक्ता असतो, तो आधी उघडा. आणि जे इंजिन मुळातच १५डब्ल्यू-४० किंवा २०डब्ल्यू-५० साठी घडलंय, त्याला आजकालचं म्हणून पातळ ऑइल देऊ नका. चूक दोन्ही बाजूंनी होते.

ग्रेड बघून दर्जाकडे दुर्लक्ष करणं

दाटपणा जुळला म्हणजे ऑइल जुळलं असं नाही. डब्यावर एपीआयची (अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटची) दर्जा सांगणारी अक्षरं असतात. पेट्रोलसाठी एस ने सुरू होणारी, डिझेलसाठी सी ने. पेट्रोलच्या बाबतीत पुढचं अक्षर म्हणजे नवा दर्जा: एसएन २०१० चा, एसपी २०२० चा. पुस्तिकेत एसएल लिहिलं असेल तर एसपी सहसा बिनदिक्कत चालतं. उलट जायचं नाही. स्वस्तात मिळणाऱ्या डब्यावर एसए किंवा एसबी दिसलं तर तो डबा तिथेच ठेवा. एसए ऑइलमध्ये ॲडिटिव्ह नसतात आणि १९३० नंतरच्या बहुतेक पेट्रोल इंजिनांना ते योग्य नाही, असं एपीआयनेच म्हटलेलं आहे.

नवं ते चांगलं या नियमाला एक खरा अपवाद आहे. फार जुन्या इंजिनांत कॅमची पाकळी सपाट टॅपेटवर घासून चालते. त्या घर्षणाला झिंक आणि फॉस्फरस असलेलं झेडडीडीपी हे ॲडिटिव्ह वाचवतं. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर खराब होऊ नये म्हणून ५डब्ल्यू-३० सारख्या पातळ ग्रेडच्या ऑइलमध्ये फॉस्फरसवर ०.०८ टक्क्यांची मर्यादा आली. २०डब्ल्यू-५० सारख्या दाट ग्रेडना ती लागू नाही. तुमचं इंजिन सपाट टॅपेटचं असेल तर झिंकचं प्रमाण विचारूनच घ्या. नसेल तर या वादात पडायचं कारण नाही.

डिझेल गाडीला डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, असेल तर कमी राखेचंच ऑइल हवं, एसीईए या युरोपीय वाहन उत्पादकांच्या संघटनेच्या सी गटातलं किंवा पुस्तिकेत जे लिहिलंय ते. साध्या ऑइलची राख फिल्टरमध्ये साठत जाते आणि ती जाळून निघत नाही.

"जुन्या गाडीला सिंथेटिक टाकलं की गळते"

या भीतीत अर्धं सत्य आहे. सुरुवातीच्या काळातली काही सिंथेटिक ऑइल रबरी सील आकसवत असत, तिथून हा समज आला. आजच्या ऑइलमध्ये तो दोष राहिलेला नाही. तरी जुन्या इंजिनात सिंथेटिक भरल्यावर कधीकधी गळती दिसते, कारण झिजलेल्या सीलपाशी साचलेला गाळ स्वच्छ होतो आणि आधीचीच फट उघडी पडते. सील तेव्हाही खराब होतं, गाळाने ते झाकलेलं होतं एवढंच. कोरडं आणि स्वच्छ इंजिन असेल तर सिंथेटिक निःशंक वापरा. जिथे आधीच झिरपतंय, तिथे आधी सील बदला.

'हाय मायलेज', म्हणजे जास्त किलोमीटर चाललेल्या गाड्यांसाठी, असं लिहिलेल्या ऑइलबद्दलही थोडं. त्यात साधारणपणे सील मऊ करणारी द्रव्यं, जास्त डिटर्जंट आणि ग्रेडच्या वरच्या टोकाचा दाटपणा असतो. कडक झालेलं सील त्याने पुन्हा फुलतं आणि बारीक पाझर थांबू शकतो. परिणाम दिसायला एक-दोन ऑइल बदल जाऊ द्यावे लागतात. फाटलेलं सील मात्र त्याने सांधत नाही, आणि झिजलेली रिंग भरून येत नाही.

एका दिवसात इंजिन धुऊन काढायचा हट्ट

वर्षानुवर्षं ऑइल वेळेवर न बदललेल्या इंजिनात फ्लश, म्हणजे गाळ झटकन धुऊन काढणारं द्रव्य, ओतणं मला धोक्याचं वाटतं. गाळ एकदम सुटून चेंबरमधल्या जाळीवर बसला की पंपाला ऑइलच मिळत नाही. ऑइलचं झाकण उघडून आत टॉर्च मारा. पिवळसर चकाकी असेल तर फ्लशची गरज नाही. काळा, लगद्यासारखा थर असेल तर चांगलं ऑइल भरा, २,५०० ते ३,००० किलोमीटरवर फिल्टरसकट बदला, असं दोन-तीनदा करा. गाळ सावकाश विरघळू द्या.

रंग, पातळी आणि फिल्टर

डिझेलचं ऑइल काही दिवसांतच काळं होतं. ते काजळी धरून ठेवतंय, म्हणजे आपलं काम करतंय. ते दुधाळ झालं तर काळजी करा: छोट्या फेऱ्यांमुळे साचलेलं दव तरी आहे नाहीतर कूलंट आत येतंय. कूलंटची पातळीही खाली जात असेल तर गाडी चालवू नका.

खातेच आहे म्हणून कमाल खुणेच्या वर ऑइल भरू नका. क्रँक ऑइलला लागून फेस होतो, फेसाळ ऑइल बेअरिंगला धरत नाही. गाडी सपाट जागेवर, इंजिन बंद करून ५ ते १० मिनिटांनी मोजा. किलोमीटर कमी झाले तरी वर्षातून एकदा ऑइल बदला.

स्टार्टला रोज काही सेकंद खडखड होत असेल तर ऑइलआधी फिल्टर बदलून बघा. स्वस्त फिल्टरमधला ऑइल परत जाऊ न देणारा रबरी पडदा कडक झाला की रात्रीतून फिल्टर रिकामा होतो आणि सकाळी पंपाला तो आधी भरावा लागतो.

लाल दिवा लागल्यावर ऑइल बदलणं

गरम इंजिन आयडलवर असताना ऑइलचा लाल दिवा लुकलुकला तर पुष्कळ जण पुढच्या सर्व्हिसिंगला जाड ऑइल भरून दिवा घालवतात. असं करू नका. आधी पातळी बघा. ती बरोबर असेल तर सेन्सरच्या जागी साधा गेज लावून खरं प्रेशर मोजून घ्या. कित्येकदा सेन्सरच गेलेला असतो आणि काम तिथेच संपतं. गेजवरही प्रेशर कमी आलं तर जाळी, पंप आणि बेअरिंग याच क्रमाने तपासायला सांगा. चालत्या गाडीत दिवा लागून तसाच राहिला तर "जवळच्या गॅरेजपर्यंत जाऊ" म्हणू नका. गाडी बाजूला घ्या, इंजिन बंद करा आणि टो करून न्या.