इंग्रजी वाक्यातली जादा माहिती आणि स्वल्पविरामांची जोडी

आमच्या सोसायटीच्या फळ्यावर एकदा इंग्रजीत सूचना लागली होती: 'रेसिडेंट्स, हू हॅव नॉट पेड मेंटेनन्स, विल नॉट गेट पार्किंग.' बजावायचं होतं फक्त थकबाकीदारांना. पण त्या दोन स्वल्पविरामांनी अर्थ असा झाला की रहिवाशांपैकी कुणीच पैसे भरलेले नाहीत आणि पार्किंग कुणालाच मिळणार नाही. दोन्ही स्वल्पविराम काढले असते, तर सूचना बिनचूक झाली असती.

असं वाक्य लिहिताना आधी जादा वाटणारा तुकडा बोटाने झाका. 'कुसुमाग्रज, हू वन द ज्ञानपीठ फॉर 1987, लिव्ह्ड इन नाशिक.' मधला भाग झाकला तरी कुणाबद्दल बोलतोय ते कळतं, म्हणून स्वल्पविराम हवेत. 'द पोएट कुसुमाग्रज लिव्ह्ड इन नाशिक' यात मात्र नाव झाकलं तर कोणता कवी ते कळतच नाही. तिथे स्वल्पविराम नको.

तरीही अडलात, तर वाक्य मराठीत म्हणून बघा. मला स्वतःला ही कसोटी सगळ्यात भरवशाची वाटते. 'माय ब्रदर हू लिव्ह्ज इन नाशिक इज अ डॉक्टर.' तुमच्या मनात 'जो भाऊ नाशिकला राहतो, तो डॉक्टर आहे' असं आहे का? मग भाऊ एकापेक्षा जास्त आहेत, त्यातला नेमका कोणता ते तुम्ही सांगताय, आणि वाक्य आहे तसंच ठेवायचं. की 'माझा भाऊ डॉक्टर आहे, नाशिकला असतो' असं म्हणायचंय? मग नाशिकची माहिती जाता जाता दिलेली आहे. 'ब्रदर'नंतर एक आणि 'नाशिक'नंतर एक स्वल्पविराम द्या. 'जो-तो' लागला की स्वल्पविराम नाही, एवढं धरून चाला.

आता जोडी पुरी करा. सर्वात जास्त चुका इथेच होतात. 'माय मदर, अ रिटायर्ड टीचर लिव्ह्ज इन सातारा.' सुरुवातीचा स्वल्पविराम दिला, शेवटचा राहिला. वाचताना श्वास थांबतो तिथे स्वल्पविराम द्यायची आपल्याला सवय असते. इथे मात्र तो कंसासारखा आहे, उघडला की मिटायलाच हवा. 'टीचर'नंतर दुसरा द्या. तुकडा वाक्याच्या शेवटी आला तर मिटायचं काम पूर्णविराम करतो.

'दॅट'ने सुरू होणारा तुकडा नेमकं कोण किंवा काय ते सांगतो, म्हणून त्याला स्वल्पविराम देत नाहीत. 'विच'च्या बाबतीत सावध राहा. अमेरिकन शैलीत तो बहुधा स्वल्पविरामासह जादा माहितीसाठी येतो, ब्रिटिश लेखनात आवश्यक माहितीसाठीही स्वल्पविरामाशिवाय सर्रास दिसतो. त्यामुळे शब्दापेक्षा अर्थ बघा.

नात्यापुढे नाव येतं तिथेही हाच विचार. तीन बहिणी असतील तर 'माय सिस्टर मीना'. एकच असेल तर नियमाने 'माय सिस्टर, मीना,' असं हवं. पण एवढ्या छोट्या नावाला स्वल्पविराम नाही दिला, तरी सहसा कुणी चूक धरत नाही.