कोल्हापुरात बसून इक्थिओसॉर काढायचा असेल तर

फॉसिलच्या ड्रॉइंगमध्ये पडायचंय म्हणून जी पोरं-पोरी मला मेसेज करतात त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, पेन कुठला वापरता. कुठलाही वापरा हो. ठिपके देऊन देऊन मनगट जायचंय ते जाणारच. खरं विचारायला पाहिजे की समोर काय ठेवून काढता, कारण आपली सगळी गोची तिथंच आहे.

आपल्या इथं समोर ठेवायला काहीच नाही. पन्हाळा घ्या, जोतिबा घ्या, सगळा थंड झालेला लाव्हा, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. त्यात इक्थिओसॉर (डायनासोरच्या काळातले, माशासारख्या आकाराचे समुद्री सरपटणारे प्राणी), प्लेसिओसॉर (त्याच काळातले, बहुतेक लांब मानेचे समुद्री सरपटणारे प्राणी) सापडतील म्हणून डोंगर धुंडाळायला जाऊ नका. मग आपण काय करतो, नेटवर १९व्या शतकातल्या पुस्तकांचे स्कॅन फुकट मिळतात (बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररी, इंटरनेट आर्काइव्ह), त्यातल्या लिथोग्राफ प्लेटा (म्हणजे दगडावर काढून छापलेली चित्रांची पानं) उतरवतो आणि त्या प्लेटा इतक्या भारी असतात, एकेका मणक्याचं शेडिंग असं की बघत राहावं, की ती प्लेट म्हणजेच फॉसिल असं डोक्यात बसतं. बसवून घेऊ नका. प्लेट म्हणजे कुणीतरी काढलेलं चित्र, बास.

आता एकच गोष्ट लांबण लावून सांगणार आहे, कंटाळलात तरी वाचा. ज्यांनी कॉलेजात लिनोकट (लिनोलियमचा ब्लॉक कोरून छपाई) केलाय त्यांना माहितीय, ब्लॉकवर जे डावीकडं कोराल ते कागदावर उजवीकडं येतं. लिथोचा दगडही तसाच. त्या काळचे बरेच आर्टिस्ट हाड समोर ठेवून जसं दिसतंय तसं थेट दगडावर काढायचे आणि छापलं की उलटं यायचं. काही जण आरसा ठेवून आधीच उलटं काढायचे, म्हणजे छापल्यावर सुलटं. त्यामुळं अमुक काळातल्या सगळ्या प्लेटा उलट्या असा नियमही करता येत नाही, प्रत्येक वेळी तपासावंच लागतं. तुम्ही म्हणाल, प्लेटवरची अक्षरं तर सरळ वाचता येतात की. अहो तीच तर मेख आहे! अक्षरं दगडावर मुद्दाम उलटी लिहायचे, म्हणून ती कायम सरळच छापली जातात. अक्षरांवरून चित्राचं काहीही सिद्ध होत नाही.

मला हे एका संशोधकाच्या पेपरच्या (शोधनिबंधाच्या) कामात कळलं. इक्थिओसॉरच्या पुढच्या पॅडलचं (वल्ह्यासारख्या पायाचं) ड्रॉइंग हवं होतं, मी जुन्या प्लेटवरून काढून दिलं आणि ते परत आलं. डाव्या पॅडलचं वरून काढलेलं चित्र उलटं झालं की उजवं पॅडल वरून बघितल्यासारखं दिसतं, नाहीतर डावंच खालून बघितल्यासारखं. काही जातींत पॅडलच्या पुढच्या कडेच्या हाडांना खाचा असतात, त्यावरून पुढची कड कुठली ते कळतं, पण डावं-उजवं कळत नाही कारण आरशातसुद्धा पुढची कड पुढचीच राहते. कॅप्शनमध्ये एक शब्द चुकला की हाडाची बाजूच बदलली.

तपासायचं कसं? पुस्तकाचा मजकूर वाचा, नुसती चित्रं डाउनलोड करू नका. मजकुरात डावं म्हटलंय आणि प्लेटवर उजवं दिसतंय म्हणजे शंका घ्यायची. कधी कधी ‘आकृती उलटी आहे’ अशी बारीक टीपही असते. सगळ्यात भरवशाचा उपाय म्हणजे त्याच नमुन्याचा म्युझियमचा फोटो मिळवून दगडाच्या भेगा जुळवायच्या. हाडं बघू नका, भेगा बघा. फोटोत भेग कवटीच्या मागून निघून खाली उजवीकडं जातेय आणि प्लेटमध्ये खाली डावीकडं, की लागला निकाल. फोटो नसेल तर थ्रीडी मॉडेल मिळतंय का बघा, तेही नसेल तर क्लायंटला स्पष्ट कळवा की बाजू खात्रीची नाही.

प्लॅस्टरचंही बघा. टॉमस हॉकिन्स नावाचा संग्राहक होता, त्यानं १८३४ मध्ये ब्रिटिश म्युझियमला इक्थिओसॉर-प्लेसिओसॉरचा मोठा संग्रह विकला आणि नंतर निघालं की गायब हाडांच्या जागी प्लॅस्टर भरून, रंगवून नमुने पुरे केलेत. अशा नमुन्याचं चित्र कितीही इमानदारीनं काढा, प्लॅस्टरला ठिपके देत बसणार तुम्ही.

शेपटीचं तर सगळ्यांना माहितीच असेल. जुन्या चित्रांत इक्थिओसॉरची शेपूट पालीसारखी सरळ. रिचर्ड ओवेन या इंग्रज शास्त्रज्ञाला मणक्यांतला बाक बघून शेपटीला माशासारखा पर असावा अशी शंका आली होती, पण जर्मनीत होल्झमाडेनला कातडीच्या ठशासकट सांगाडे मिळाले १८९०च्या दशकात, तेव्हा कळलं की कणा वाकून शेपटीच्या खालच्या पात्यात शिरतो, वरच्या पात्यात हाडच नाही, आणि पाठीवरही बिनहाडाचा पर आहे. त्यामुळं १८३०चं हेन्री डे ला बेश या इंग्रज भूशास्त्रज्ञाचं ते प्रसिद्ध जलरंग चित्र, ज्यात इक्थिओसॉर प्लेसिओसॉरची मान धरतोय, किंवा लंडनच्या क्रिस्टल पॅलेसचे १८५४चे पुतळे, हे शिकायला ठेवा, रेफरन्सला नको. त्या पुतळ्यांच्या डोळ्यात तर बुबुळाभोवतीची हाडाची कडी बाहेरून दिसते, जी खरं तर डोळ्याच्या आत असते! हसू नका मात्र. डे ला बेशच्या त्या चित्राच्या प्रती मेरी ॲनिंग या इंग्लंडातल्या फॉसिल शोधणाऱ्या बाईला पैसे मिळावेत म्हणून विकल्या होत्या. जिनं १८२३ मध्ये जवळजवळ अख्खा प्लेसिओसॉर शोधून काढला आणि ज्यावर क्युव्हिएसारख्या बड्या फ्रेंच शास्त्रज्ञानं आधी संशय घेतला, तिच्या पोटापाण्यासाठी. मला ते चित्र आवडतं, चुकीचं असूनही.

खरं हाड हातात पाहिजेच. तर रविवारी घरी मटण होतंच, मानेचे तुकडे सांगून आणा, शिजल्यावर मणके स्वच्छ करून वाळवा आणि सहा बाजूंनी काढा. मणक्याला पुढं आणि मागं सांध्याची एकेक जोडी असते, पुढच्या जोडीचा गुळगुळीत भाग वर बघतो, मागच्या जोडीचा खाली. एवढं बोटाला कळलं की मणका कुठल्या तोंडानं ठेवायचा हे आयुष्यभर विसरत नाही. एडवर्ड कोप या अमेरिकन शास्त्रज्ञानं १८६९ला इलास्मोसॉरसचं (हाही एक लांब मानेचा प्लेसिओसॉर) डोकं शेपटीच्या टोकाला लावलं, जोसेफ लायडी या दुसऱ्या शास्त्रज्ञानं ते दाखवून दिल्यावर बिचारा छापलेल्या प्रती परत गोळा करत बसला. बोकडाच्या मानेत मणके सात, इलास्मोसॉरसच्या सत्तरच्या वर, पण पुढं-मागं ओळखायची रीत तीच. आई वैतागेल, वैतागू दे.

एआयवर बनवलेलं चित्र रेफरन्स म्हणून वापरू नका, बोटांची हाडं मोजली की फरक दिसतो. महागडे ऑनलाइन कोर्सही माझ्या मते पैसे घालवायचे धंदे. आणि ‘मास्टर्सची कॉपी करत राहा, आपोआप येतं’ म्हणणारे सर सगळ्यांना भेटतात. लँडस्केपला ठीक आहे ते, कोल्हापूरचे चित्रकार आबालाल रहिमान, त्यांचं पाणी बघून रंकाळा तलाव रंगवायला शिकता येतं कारण रंकाळा तिथंच आहे, जाऊन पडताळता येतो. इक्थिओसॉर कुठं जाऊन पडताळणार? त्यापेक्षा एखाद्या संशोधकाला साधा ईमेल टाका, प्रश्न नेमका असेल तर उत्तर येतं, मला तर अनोळखी लोकांनीसुद्धा फोटो पाठवलेत. पैसे सुरुवातीला कमीच मिळतील, अर्धे आधी मागा, लाजू नका. आणि ड्रॉइंग परत आलं म्हणून रडू नका, सगळ्यांची येतात.

सराव कुठून सुरू करू विचाराल तर परदेशातनं नको, कच्छमधनं करा. लोडाई गावाजवळ ज्युरासिक काळातला इक्थिओसॉर मिळाला, साडेपाच मीटरच्या आसपास, त्याचा पेपर २०१७ला प्लॉस वन या ऑनलाइन संशोधन नियतकालिकात आलाय आणि फोटोंसकट फुकट आहे. आधी फक्त कणा काढा, स्केल बार (मापाची पट्टी) टाका, प्रकाश वरून डावीकडनं धरा. कवटीचा काही भाग आणि शेपटीची हाडं त्यात नाहीत, ती कुठल्याही जुन्या प्लेटवरनं उचलून जोडू नका, तुटक रेषेनं दाखवा आणि खाली तसं लिहा.