“कार्टूनच आहे ना!” आईबापांनो, या चुका टाळा

नाशिकला इंदिरानगरमध्ये मी चित्रकलेचा क्लास घेते. एलिमेंटरी-इंटरमिजिएटची मुलं, म्हणजे बारा ते सोळा. तांब्या आणि कापडाच्या चुण्या काढायला सांगाव्यात, तर वहीच्या मागच्या पानावर तलवारी, शिंगं, लालभडक डोळे. मग आया येतात. “ताई, ही ॲनिमे म्हणजे जपानी कार्टून मालिका, एका शब्दात सांगा, बघू देऊ की नको?” एका शब्दात सांगता आलं असतं तर व्हॉट्सॲपवरच नसतं का कळवलं?

पहिली चूक मीच केलेली आहे. दिवाळीत बहीण आली होती, आम्ही दोघी चकल्यांना बसलेलो. तिचं पोरगं आठ वर्षांचं, सारखं सोऱ्यात बोट घालत होतं. “कार्टून लाव गं त्याला.” क्लासमधली मुलं ‘डीमन स्लेअर’ या ॲनिमेचं नाव घ्यायची, चित्रंही देखणी, म्हणून तेच लावलं. पहिल्याच भागात मुलगा कोळसा विकून घरी परततो, तर दारात बर्फावर रक्त, आई आणि भावंडं मेलेली. एक बहीण वाचते, तीही राक्षस झालेली. बाहेरच्या खोलीतून आवाज येईना म्हणून डोकावले, तर भाचा सोफ्यावर पाय पोटाशी घेऊन बसलेला. मी झटकन टीव्ही बंद केला.

ही त्याहून मोठी चूक. त्याच्यापुरती गोष्ट रक्तापाशीच थांबली. आठवडाभर संडासला जाताना दाराबाहेर कुणीतरी उभं लागायचं. भाऊ पुढे त्याच बहिणीला पाठीवरच्या पेटीतून घेऊन फिरतो, तिला परत माणूस करायला निघतो, हे त्याला कोण सांगणार? शेवटी मी कागदावर ती पेटी काढली, आत बसलेली बहीण काढली. तेव्हा म्हणाला, “मग ती मेली नाही?” तेव्हापासून माझ्याकडे नियम एकच: मध्येच बंद करायची वेळ आली, तर पुढचं तोंडी सांगायचं आणि मगच उठायचं.

मालिकेवर वयाचा शिक्का असतो, त्यातलं ‘यू/ए 13+’ म्हणजे ‘तेरा झाली, आता सोडा मोकळं’ असं वाचू नका. तेराच्या आतल्यांनी मोठ्यांच्या देखरेखीखाली बघावं, असा त्याचा अर्थ. ओटीटीसाठी 2021च्या नियमांत यू, मग 7+, 13+, 16+ आणि शेवटी ए, अशी उतरंड आहे. शेजारी हिंसा, भीती, भाषा असं कारणही लिहिलेलं असतं. आकड्यापेक्षा मी ते आधी वाचते.

आता माझा खरा राग. दोन मिनिटं डोकावून निकाल देणारे. गंगापूर रोडच्या एक बाई मुलाची वही घेऊन आल्या, डोळ्यांत पाणी. चित्रात एक राक्षस, अंगभर हातच हात. “याच्या डोक्यात काहीतरी बिघडलंय.” तो त्याच मालिकेतला राक्षस. मरताना त्याला आपला मोठा भाऊ आठवतो आणि ज्याने त्याला मारलं तोच मुलगा त्याचा हात हातात धरतो. पोराने नेमका तो धरलेला हात सगळ्यांत जपून रंगवला होता. (हात काढायला मोठ्यांनाही जमत नाहीत. याने बारा काढले होते, बोटं मोजून बरोबर!) बाईंनी तेवढंच पान पाहिलं होतं.

नवी मालिका असेल तर पहिले दोन भाग मी स्वतः बघते. रविवारी सकाळी, मिसळ पार्सल आणून. लाल तर्री पुढ्यात घेऊन तो रक्तपात बघायला जरा हिंमत लागते, पण दीडपट वेगाने पळवत नाही. रील बघून ‘कळलं’ म्हणणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, त्यांना चहा देते.

बाकीच्या किरकोळ. हिंदी डबिंग आहे म्हणून मालिका सौम्य होत नाही, मुंडकं हिंदीतही उडतंच. सरसकट बंदी घातलीत तर मूल मित्राच्या फोनवर तुकडे बघतं, आणि तुकड्यांत फक्त कापाकापीच असते. मोठ्याला परवानगी देताना सोफ्यामागे उभा असलेला धाकटा मोजा. पुढचा भाग आपोआप सुरू होणं सेटिंगमध्ये जाऊन बंद करा, रात्री तर नक्कीच.

आणि प्रोफाइलला चार आकडी पिन टाकलात तर स्वतःच्या लग्नाचं वर्ष टाकू नका. क्लासमधल्या एका मुलीने तिच्या आईचा पिन मला पहिल्याच दिवशी सांगितला होता.