माईकवर फजिती झाल्यावर

अंत्यविधीच्या प्रार्थनेत मी मृताऐवजी पुढच्या बाकावर बसलेल्या त्याच्या भावाचं नाव घेतलं. माईकवर! कान अजून गरम होतात.

तुमचंही असं झालं तर आधी त्या घरच्यांना फोन करा, सबबी न सांगता माफी मागा. देवापुढे नंतर बसा. बायबलमध्ये मत्तय 5:24 मध्ये क्रम हाच आहे: आधी भावाशी समेट, मग अर्पण.

मग योहानाच्या शुभवर्तमानाचे अध्याय 18 आणि 21 एका बैठकीत वाचा. शिष्य पेत्राने येशूला नाकारलं ते कोळशाच्या विस्तवाजवळ. एकविसाव्यात पुन्हा तसाच विस्तव, वर मासळी. येशू आधी न्याहारी देतो, मग पेत्राला तीनदा विचारतो, ‘माझ्यावर प्रेम करतोस का?’, आणि लगेच आपली मेंढरं, म्हणजे आपली माणसं, त्याच्याकडे सोपवतो.

पश्चात्तापाचं स्तोत्र 51 मी अशा वेळी टाळतो. ते पापासाठी, फजितीसाठी नव्हे.

प्रार्थनेची पुढची पाळी नाकारू नका. नाव तेवढं ठळक अक्षरांत लिहून न्या.