क्राम्पुस बघायला निघण्याआधी

पहिलं काम तारखेचं, कारण लोक इथेच गंडतात. क्राम्पुस म्हणजे संत निकोलससोबत फिरून खोडकर पोरांना घाबरवणारा शिंगवाला राक्षस, त्याची खरी रात्र 5 डिसेंबरची, 6 ला संत निकोलसचा सण, आणि तुम्ही नाताळची सुट्टी धरून ऑस्ट्रियाला गेलात तर हा शिंगवाला केव्हाच निघून गेलेला असतो, नंतर जानेवारीपर्यंत दिसतात ते पेर्श्टन, म्हणजे हिवाळ्यातल्या भुताखेतांचे मुखवटे घातलेले लोक, दिसायला भाऊबंद पण प्रकार वेगळा. मोठ्या गावांत नोव्हेंबरच्या शेवटापासूनच मिरवणुका असतात, पण त्या बॅरिकेडच्या मागून बघायच्या, फोटो झकास येतात आणि भीती शून्य.

म्हणून माझं ऐकाल तर ऑस्ट्रियातल्याच, साल्झबुर्गच्या पुढच्या गास्टाइन खोऱ्यात जा. तिथे टोळ्या घरोघरी फिरतात, टोळीला पास म्हणतात (तिकिटाचा नव्हे), त्यात एक निकोलस, एक देवदूत, पाठीवर टोपली घेतलेला एकजण आणि मागे क्राम्पुस. रूम बुक करतानाच मालकाला विचारून ठेवा की आपल्याकडे पास येते का आणि साधारण किती वाजता. म्युनिकवाल्यांनो, बायर्न तिकीट (बव्हेरिया राज्याचं रेल्वेचं दिवसभराचं तिकीट) साल्झबुर्गपर्यंतच चालतं, पुढचं वेगळं काढा.

कपडे दोन कारणांसाठी जाड हवेत, थंडी तर आहेच पण बर्चच्या काड्यांचे फटके पोटऱ्यांवर बसतात ना, तेव्हा जीन्सच्या आत थर्मल घालाच, उगाच शूरपणा नको. पांढरं जॅकेट घरी ठेवा, काही ठिकाणी तोंडाला काजळी फासतात. कमरेच्या घंटांचा आवाज कानठळ्या बसवतो, लहान मुलांसाठी कानात घालायला काहीतरी घ्या. फोन थंडीत पटकन मरतो, पॉवरबँक आतल्या खिशात. थोडी रोख, ग्लूवाइनच्या (गरम मसालेदार वाइन) मगाचं डिपॉझिट द्यायला.

आणि कितीही मोह झाला तरी शिंगं ओढायची नाहीत, मुखवटा लाकूड कोरून केलेला जड असतो, डोक्याला घट्ट बांधलेला, आतल्या माणसाची मान जाईल. दोन पास रस्त्यात समोरासमोर आल्या की खांद्याने धडका देतात एकमेकांना, तेव्हा मध्ये व्हिडिओ काढत उभं राहू नका.

पोरं सोबत असतील आणि एखाद्या ओळखीच्यांच्या घरी पास येणार असेल तर पोरांच्या खोड्यांची चिठ्ठी आधी गुपचूप निकोलसकडे पोचवायची, तो त्याच्या जाड वहीतून मोठ्यांदा वाचतो. जर्मनमध्ये लिहा फक्त, मराठीत लिहिलीत तर तो बिचारा काय वाचणार.