हेरेसमधला एक दिवस: आधी किल्ला, मग बोदेगा

स्पेनमधल्या सेव्हियाहून रेल्वेने हेरेस दे ला फ्रोन्तेरा साधारण तासाभरावर आहे. सकाळीच पोचा. दुपारी दोननंतर दुकानं बंद होतात आणि उन्हाळ्यात तेव्हा रस्त्यावर फिरवत नाही, म्हणून मुस्लिम राजवटीतला आल्कासार किल्ला आणि शेजारचं कॅथेड्रल आधी उरका. राजेशाही अश्वकला विद्यालयाचा खेळ ठरावीक दिवशीच, दुपारी बाराला असतो. त्या दिवशी यायचं असेल तर तिकीट आधी काढा. खेळात फोटो काढू देत नाहीत.

बोदेगाची, म्हणजे शेरी ही इथली वाईन जिथे मुरवतात त्या कोठाराची फेरीही आधी नोंदवा, भाषा निवडून. आत पिंपांच्या रांगा एकावर एक रचलेल्या दिसतील. बाटलीत भरायची वाईन सर्वांत खालच्या, सोलेरा रांगेतून थोडीच काढतात आणि ती तूट वरच्या रांगेतून भरतात. अशा वेगवेगळ्या वर्षांच्या वाईन मिसळत जातात, त्यामुळे शेरीच्या बाटलीवर सहसा द्राक्षं कोणत्या वर्षीची ते लिहिलेलं नसतं. सुमारे 600 लिटरचं पिंप 500 लिटरपर्यंतच भरतात. मोकळ्या जागेत 'फ्लोर' या यीस्टची साय धरते, तिच्याखाली फिनो या प्रकारची शेरी फिकी आणि कोरडी (गोड नसलेली) राहते. अल्कोहोल 15 टक्क्यांच्या आसपास असेल तरच ही साय टिकते. 17 टक्क्यांना ती मरते आणि हवा लागून ओलोरोसो ही गडद शेरी तयार होते.

चव घेताना फिनो, आमोन्तियादो, ओलोरोसो आणि शेवटी गोड पेद्रो हिमेनेस, हाच क्रम ठेवा. गोड आधी घेतली तर फिनो नुसती कडवट लागते. उपाशीपोटी मुळीच नको, सोबत ऑलिव्ह घ्या.

संध्याकाळी तबांकोत, म्हणजे इथल्या शेरीच्या जुन्या धाटणीच्या गुत्त्यात जा. पिंपातली शेरी आणि जवळून फ्लामेंको, दोन्ही तिथे मिळतं. जागा कमी असते, लवकर पोचा.